मोठी आई पप्पांजवळ बसायची

माझ्या मोठ्या आईने आयुष्याची चौतीस वर्षं पुस्तकं शिवली, पण त्यातलं एकही वाचलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "आचारी काय प्रत्येक ताटात जेवायला बसतो?" छापखान्याच्या वरच्या मजल्यावर बाइंडिंगचं खातं होतं. तिथे खिडकीशी तिचं टेबल. छापलेले मोठे कागद घडी होऊन यायचे. ती हाडाच्या पट्टीने त्यांच्या घड्या दाबायची, गठ्ठा ठोकून सारखा करायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायची. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला दोऱ्याने कायमची खाच पडली होती. लहानपणी मी त्या खाचेत माझं नख बसवून बघायचे.

मोठी आई म्हणजे पप्पांच्या थोरल्या भावाची बायको. आमची आणि तिची घरं एकाच गल्लीत, मध्ये दोन दारं. तिचा नवरा हृदयाच्या दुखण्याने गेला तेव्हा तिचा मुलगा नऊ वर्षांचा होता. तो माझा चुलतभाऊ, पण मला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून तोच माझा दादा. पप्पांनी त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. शाळेत पालक म्हणून तेच जायचे, आणि शिक्षण संपल्यावर त्यांनीच त्याला आपल्या हाताखाली घेतलं. पप्पा लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत जुने कारागीर होते. काका-पुतणे सकाळी एकाच स्कूटरवर निघत. मोठी आई खिडकीतून ओरडायची, "भावजी, त्याला जेवायची आठवण करा!" आणि पप्पा ओरडायचे, "वहिनी, तो माझाही डबा खातो!"

दादा तेवीस वर्षांचा असताना ते घडलं. मी अकरा वर्षांची होते.

नऊ मजल्यांच्या एका इमारतीत लिफ्टचं काम होतं. दादा लिफ्टच्या टपावर उभा राहून लोखंडी पट्ट्यांना वंगण लावत होता. पप्पा गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत होते. अशा वेळी तिथला मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं आणि आत जाणाऱ्याने किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, असा नियम होता. दुसरी किल्ली फक्त वरिष्ठाकडे, म्हणजे पप्पांकडे. त्या दुपारी अचानक वीज सुरू झाली आणि लिफ्ट वर निघाली. दादा वाचला नाही.

चौकशी झाली. पप्पांनी सांगितलं की पोराने कुलूप लावलंच नव्हतं, घाई केली, आणि आपण खोलीबाहेर असताना इमारतीतल्या कुणीतरी नकळत स्विच चालू केला असणार. कागदावर लिहिलं गेलं की अपघात मृताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी मोठी आई आमच्या दारात आली. आत आली नाही. हातात कंपनीने दिलेली कापडी पिशवी होती, दादाच्या खिशातल्या वस्तूंची.

"भावजी, किल्ली त्याच्या खिशात होती. मग कुलूप कुणी उघडलं?"

पप्पा म्हणाले, "वहिनी, कुलूप लावायचं तो विसरला. किल्ली तशीच खिशात राहिली."

"माझा मुलगा घराला कुलूप लावून दोनदा ओढून बघायचा," ती म्हणाली. मग ती वळून गेली. त्यानंतर चौदा वर्षं तिने आमचा उंबरा ओलांडला नाही आणि पप्पांशी एक शब्द बोलली नाही.

गल्ली एकच, चर्चही एकच. दर रविवारी ती डावीकडे तिसऱ्या बाकावर, आम्ही उजवीकडे. प्रभूने शिकवलेली प्रार्थना सगळी मंडळी एका सुरात म्हणत. तिच्यात एक जागा अशी आहे की जिथे आपण देवाकडे स्वतःसाठी क्षमा मागतो आणि त्याच श्वासात सांगतो की आम्हीही दुसऱ्यांना क्षमा केली आहे. त्या जागी मोठी आई ओठ मिटून घ्यायची. पुढच्या शब्दाला पुन्हा सामील व्हायची. प्रभुभोजनाला सगळे उठून पुढे जात, तेव्हा ती एकटी बाकावर बसून राहायची, हातातल्या गायनाच्या पुस्तकाचा कणा बोटाने चाचपत. ती पुस्तकंही तिनेच बांधलेली.

एकदा पाळकसाहेब तिला समजवायला गेले. ती म्हणाली, "साहेब, लोकांपुढे खोटं बोलणं मला जमतं. गिऱ्हाइकाला उद्या देते म्हणून परवा देतेच की मी. पण देवापुढे उभं राहून जे केलं नाही ते केलं म्हणू? तुम्हीच सांगा." पाळकसाहेबांनी चहा घेतला आणि ते परत आले.

लोक काय, दोन्ही बाजूंनी बोलत. आमच्या घरात मात्र एकच बाजू होती. आई म्हणायची, "दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं. कुणाला तरी दोष द्यायला हवा ना तिला." मला मोठ्या आईचा राग यायचा. माझे पप्पा चर्चमध्ये खुर्च्या लावत, म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या उतरवत, कुणाचा नळ गळत असला तर न बोलावता जात. अशा माणसाकडे ती पाठ करून बसते म्हणजे काय? शाळेतून येताना ती समोर दिसली की मी मुद्दाम दुसऱ्या बाजूने जायचे. तिने मला दोनतीनदा हाक मारली होती. मी ऐकूच आलं नाही असं केलं. पुढे तिने हाक मारणं सोडलं.

मी पंचवीस वर्षांची झाले, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागले, त्या वर्षी पप्पांची फुप्फुसं निकामी व्हायला लागली. नाकात नळी, पलंगाशी घरघरणारं ऑक्सिजनचं यंत्र. त्यांना तासातासाला कुशीवर वळवावं लागे, पाणी चमच्याने पाजावं लागे. आई दिवसभर एकटी. तिच्या अंगात काही उरलं नव्हतं. एक दिवस औषधाच्या दुकानात रांगेत उभी असताना ती रडायला लागली, आणि रांगेत तिच्या मागे होती मोठी आई.

त्या बुधवारी दुपारी ती आमच्या दारात उभी राहिली. काखेत घडी केलेल्या कागदांचा गठ्ठा, दोरा, सुई.

"दोन तास बसते त्यांच्याजवळ. तू जाऊन झोप," ती आईला म्हणाली, जणू कालच येऊन गेली होती.

पलंगाशेजारी खुर्ची ओढून ती बसली आणि शिवायला लागली. पप्पांशी बोलली नाही. त्यांनी पाण्याकडे पाहिलं की चमचा तोंडाशी धरायची, ओठ पुसायची, उशी सरळ करायची आणि पुन्हा सुई हातात घ्यायची. दोन तास झाल्यावर गठ्ठा उचलून निघून गेली. शुक्रवारी पुन्हा आली, मग सोमवारी. आई म्हणाली, "देवाने तिचं मन पालटलं बघ." मी म्हणाले, "चौदा वर्षांनी शुद्ध आली म्हण."

एका बुधवारी दुकानाला दुपारनंतर सुट्टी होती. मी घरी आले. आई आतल्या खोलीत गाढ झोपली होती. मी आवाज न करता स्वयंपाकघरात गेले. पप्पांची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत होती. यंत्राची घरघर ऐकू येत होती, आणि कागदातून दोरा ओढल्याचा आवाज.

"वहिनी," पप्पा म्हणाले. दोन शब्दांनंतर त्यांना थांबावं लागायचं. "काहीतरी बोला ना."

"काय बोलू, भावजी?"

मग पप्पा म्हणाले, "कुलूप त्यानं लावलं होतं. मी उघडलं."

दोरा ओढल्याचा आवाज थांबला नाही. "माहीत आहे मला," मोठी आई म्हणाली.

"केव्हापासून?"

"पिशवी उघडली तेव्हापासून."

पप्पांना खोकला आला. तिने त्यांना उठवून बसवलं असावं, पलंग करकरला. मग ते तुकड्यातुकड्यांनी सांगायला लागले. खालचे लोक लिफ्टसाठी आरडाओरडा करत होते. जिन्यात पावलं वाजली, त्यांना वाटलं दादाच वर येतोय. स्वतःच्या किल्लीने कुलूप काढलं आणि स्विच ओढला. जिन्यातून वर आला तो कुणी दुसराच. "खोटं का बोललो, विचाराल. नोकरीची भीती नव्हती, वहिनी. तुमच्यासमोर यायची लाज वाटली. एकदा बोललो, मग ते परत घेता येईना."

"हाक मारली का त्यानं?" तिने विचारलं.

"'काका' म्हणाला. एवढंच."

मी फळीला टेकून उभी होते. आत कुणी रडलं नाही. थोड्या वेळाने पप्पांनी विचारलं, "सगळं माहीत असून तुम्ही माझं तोंड पुसता? माफ केलंत मला?"

"घरून निघताना केलेलं असतं," मोठी आई म्हणाली. "तुमचा जिना चढेपर्यंत राहत नाही. मग दाराशी उभी राहून पुन्हा करते आणि कडी वाजवते."

"रोज?"

"सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी. बाकीच्या दिवशी अजून जमत नाही."

पप्पा हसले की रडले ते मला कळलं नाही. तिने गठ्ठा आवरला, मोरीत जाऊन हात धुतले आणि चपला घालून गेली. शुक्रवारी ती आली नाही. सोमवारीही नाही. पप्पा दाराकडे बघत राहायचे. आई म्हणायची, "काम असेल तिला." अकराव्या दिवशी कडी वाजली. ती आत आली, खुर्ची ओढली, आणि म्हणाली, "नखं वाढलीत तुमची. पाय इकडे करा."

मी हे सगळं ऐकलं आहे, असं मी कुणाला सांगितलं नाही. स्वतःच्या आईलाही नाही.

पप्पा पाच आठवड्यांनी सकाळी गेले. त्याआधी त्यांनी कसंबसं एक कागद लिहून पाकिटात घालून मोठ्या आईला दिला होता. "मी गेल्यावर चर्चमध्ये सर्वांसमोर वाचा," असं ते तिला म्हणाले होते. दफनाच्या वेळी तिने तो बाहेर काढला नाही. आठवड्याने ती आमच्याकडे आली आणि पाकीट टेबलावर ठेवलं.

"हे त्यांनी वाचायला सांगितलं होतं. पण नाव तुमच्या घराचं आहे. तुम्ही ठरवा."

आईला वाटलं काही निरोपाचं असेल. ती म्हणाली, "आत्ता नको, माझ्याने वाचवणार नाही." ती तोंड धुवायला आत गेली आणि मी मोठ्या आईवर तुटून पडले. आवाज दाबून म्हणाले, "मेलेल्या माणसाला तरी सोडा आता! चौदा वर्षं त्यांना सुखाने बसू दिलं नाहीत, पोट भरलं नाही का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मला सगळं ठाऊक आहे हे तिला त्या क्षणी कळलं.

"सोडलंय गं," ती म्हणाली. "म्हणून तर तुझ्यापुढे ठेवलं. वेशीवर टांगलं नाही."

मी पाकीट माझ्या कपाटात, हिवाळ्याच्या कपड्यांखाली ठेवून दिलं. आईने एकदोनदा विचारलं, मी टाळलं. एक वर्ष आणि चार महिने ते तिथे होतं. त्या काळात मोठी आई आईकडे येत राहिली. चर्चमध्ये ती संपूर्ण प्रार्थना म्हणायला लागली होती, प्रभुभोजनालाही उठत होती. मला समोर पाहिलं की "जेवलीस का?" एवढं विचारायची. पाकिटाचं नाव तिने एकदाही काढलं नाही.

मग एका रविवारी, उपासना संपल्यावर, आवारात काही मंडळी उभी होती. एका तरुणाला लिफ्टच्या कंपनीत नोकरी लागली होती, म्हणून त्याचं कौतुक चाललं होतं. मंडळींतला एक वडीलधारा माणूस त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जपून रे बाबा. आपल्यातला एक पोरगा असाच गेला, स्वतःच्या बेफिकिरीनं. कुलूपसुद्धा लावलं नव्हतं म्हणे."

मोठी आई चार पावलांवर होती. तिने ऐकलं. एक वाक्य बोलली असती तरी पुरे होतं. मी तिच्याकडे बघत होते. तिने हातातलं गायनाचं पुस्तक पिशवीत ठेवलं, पिशवीचा बंद दोनदा गुंडाळला आणि एकटी फाटकाबाहेर गेली.

त्या दुपारी मी पाकीट काढून आईसमोर ठेवलं आणि फळीच्या भिंतीपलीकडून जे ऐकलं होतं ते सांगितलं. आईने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून कितीतरी वेळ पदराने पुसत बसली. "मी तिला वेडी म्हणत होते," ती म्हणाली. "तुझ्यासमोर म्हणत होते." मी म्हणाले, पुढच्या रविवारी मी वाचते. ती म्हणाली, "तू नाही. नवरा माझा होता."

कागदावर फार काही नव्हतं. कुलूप माझ्या पुतण्याने नियमाप्रमाणे लावलं होतं. ते मी उघडलं. चूक माझी आणि खोटंही माझंच. त्याच्या आईला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तरी तिने माझी सेवा केली. खाली पप्पांची सही, ओळ सोडून घसरलेली.

आईने ते पुढे उभं राहून वाचलं. वाचून झाल्यावरही ती कागद धरून तिथेच उभी राहिली. कुणाला काय करावं सुचेना, पाळकसाहेबांनाही नाही. मोठी आई उठली, पुढे गेली, आईच्या हातातून कागद घेतला, अंगठ्याच्या नखाने दाबत त्याच्या चार घड्या घातल्या आणि आईचा दंड धरून तिला आपल्या बाकावर नेऊन बसवलं. मग लोक येऊन तिचा हात हातात घ्यायला लागले. तो वडीलधारा माणूस तर लहान मुलासारखा रडत होता. ती प्रत्येकाला "असू द्या, असू द्या" म्हणत होती. पण मी तिच्या शेजारीच होते, आणि तिचं लक्ष त्यांच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. घरी येताना ती मला म्हणाली, "माझ्या पोराला ऐकायला मिळायला हवं होतं गं."

चौकशीच्या कागदातली ती नोंद बदलून घ्यायला मी आणि ती कंपनीच्या कचेरीत गेलो. कंपनी मधल्या काळात दुसऱ्याने घेतली होती. खिडकीतल्या कारकुनाने शोधाशोध केली आणि सांगितलं की इतके जुने कागद ठेवत नाहीत, ते केव्हाच नष्ट केले. मी वाद घालायला लागले. मोठ्या आईने माझी बाही ओढली. "म्हणजे त्याच्याबद्दलचं ते लिहिलेलं आता कुठेच नाही ना?" तिने विचारलं. कारकून म्हणाला, नाही. "मग झालं तर," ती म्हणाली. बाहेर पायऱ्यांवर मात्र तिला बसावं लागलं, आणि त्या पायऱ्यांवर मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. लोक आमच्या बाजूने चढत-उतरत होते. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

तिने मला माफ केलं होतं का, हे मी त्याच पायऱ्यांवर विचारलं. ती डोळे पुसत म्हणाली, "तू लहान होतीस."

"पाकीट लपवलं तेव्हा लहान नव्हते."

"तेव्हा बापाची मुलगी होतीस. चल, माझे पाय आखडलेत."

त्यानंतर ती तीन वर्षं होती. बोटं वाकडी झाली, सुई धरवेना, तेव्हा खातं सुटलं. शेवटच्या महिन्यांत आई आणि मी आळीपाळीने तिच्याजवळ बसायचो. मला एक गोष्ट तिच्यापासून लपवता आली नव्हती. लोकांसमोर कागद वाचून झाला, पण माझ्या मनातून पप्पा उतरले ते उतरलेच. त्यांनी मला चौदा वर्षं एका निर्दोष बाईचा राग करायला लावला, आणि स्वतः खुर्च्या लावत फिरले. घरातला त्यांचा फोटो मी पुसायचे, पण त्यांच्या डोळ्यांकडे बघत नसे.

एका दुपारी मोठ्या आईने विचारलं, "जातेस का त्यांच्या कबरीवर?"

"नाही."

"माफ झालं नाही अजून?"

"नाही, मोठी आई."

"बरं. खोटं नको बोलू," ती म्हणाली. तिचा श्वास लहान झाला होता. "पण जायला लाग. आधी सगळं साफ होईल मग जाईन म्हणशील, तर माझ्यासारखी चौदा वर्षं घालवशील. मला ते धडधाकट असताना माफ करायचं होतं गं. आजारी माणसाला माफ करणं सोपं असतं. त्याचं अर्धं श्रेय त्या नळीला जातं." एवढं बोलून तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग ती हळूच म्हणाली, "किती वर्षं वाया घालवली मी. ते गल्लीतून जायचे आणि मी खिडकी लावायची."

ती गेली तेव्हा तिला दादाच्या शेजारी ठेवलं. पप्पा तिथून तीन रांगा मागे आहेत.

मी जाते आता. दर आठवड्याला जमतं असं नाही. आधी त्या दोघांकडे जाते, तिथे मला सोपं जातं, तिथे मी दुकानातल्या गमतीही सांगते. मग तीन रांगा मागे. गेल्या रविवारी पप्पांच्या दगडावर वाळकी पानं साचली होती. ती काढली, अक्षरांत अडकलेली माती काडीने उकरली. त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर झिजायला लागलंय. बोलायचं असं काही सुचलं नाही. घरी आले तर आई दारातच उभी होती. "किती वेळ लावलास?" तिने विचारलं. मी घड्याळ पाहिलं. पप्पांजवळच एक तास गेला होता.